आभाळातून गेलेली घोडी

१

जुम्म्याची नमाज आटोपून सईदभाई स्टेशनमागच्या आपल्या तबेल्यात आले, तेव्हा दाराची कडी काढलेली होती, चंदीची पाटी अर्धी भरलेली होती आणि शबनम जागेवर नव्हती.

शबनम म्हणजे त्यांची पांढरीशुभ्र घोडी. मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे, विश्वगंगेच्या काठी वसलेल्या वडघाटात एकेकाळी टांग्यांची रांग लागायची. रेल्वेतून उतरलेला माणूस मोताळ्याची नाहीतर बुलढाण्याची बस धरायला टांग्यातूनच स्टँडवर जायचा. मग ऑटो आले आणि टांगे एकेक करून मोडीत गेले. सईदभाईंचा तेवढा राहिला, तोही लग्नसराईपुरता. आणि आज त्यांच्या शबनमवर साऱ्या गावाचं लक्ष होतं, कारण आज तिच्यावर नवरदेव नव्हे, नवरी बसणार होती.

नवरीच्या घरी फोटोवाली राखी मेंदीच्या हातांचे फोटो काढत होती. बसस्टँडसमोर तिचा छोटा स्टुडिओ. गावातल्या लग्नांत तिच्या कॅमेऱ्यापेक्षा तिच्या नजरेचीच चर्चा जास्त. गेल्या उन्हाळ्यात एका नवरदेवाची अंगठी हरवली, तर ती श्रीखंडाच्या पातेल्यात आहे हे तिनं वाढप्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं.

"पुष्पे, बोटं जराशी पसर," राखी म्हणाली.

पुष्पांजलीनं बोटं पसरली. तिची जिवाभावाची मैत्रीण महनूर, म्हणजे सईदभाईंची लेक, बाजूला बसून मेंदीच्या कडा नीट करत होती. मधेच ती गजरे आणायला बाहेर गेली होती आणि गजरे संपले म्हणत नुकतीच परत आली होती.

तेवढ्यात सईदभाई आले. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती.

"बेटा, शबनम गेली," ते पुष्पांजलीला म्हणाले.

"गेली म्हणजे?"

"तबेल्यात नाही. गल्लीत नाही. नदीवर पाहून आलो, तिथंही नाही. कोणीतरी नेली तिले."

घरभर गलका झाला. बायका दाराकडे धावल्या, पोरं रस्त्यावर पळाली. पुष्पांजलीचे काका शालिग्राम, ज्यांनी तिला वडिलांच्या माघारी लहानाचं मोठं केलं, ते काळा कोट सावरत पुढे आले. बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचे हे जुने मुनीम. गावात त्यांच्या शब्दाला मान होता.

"देवाच्याच मनात नसन," ते म्हणाले. "पोरी, गाडीत बसून जा. नवरीनं घोडीवर बसाचं, हे आपल्याकडं कोणी केलं आहे का?"

राखीनं सवयीनं कॅमेरा डोळ्याला लावला होता. चौकटीत दिसणारे सगळे चेहरे सईदभाईंकडे वळलेले होते. एकटी महनूर शालिग्रामकाकांकडे बघत होती.

"राखीताई," पुष्पांजली ओल्या मेंदीचे हात वर धरून म्हणाली, तिला डोळेही पुसता येईनात. "तुम्ही शोधा. मी जाईन तं शबनमवर. नाहीतर हे हात असे धरून इथंच बसतो, मांडवात येतच नाही."

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. नवरी जे बोलते ते करते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं.

२

राखी सईदभाईंबरोबर तबेल्यात गेली. आत ओल्या गवताचा वास होता. भिंतीवरच्या खुंटीला लगाम लटकलेला होता, आणि शेजारी आजसाठी काढून ठेवलेली मखमली झूल घडी करून ठेवलेली.

"चाचा, लगाम इथंच आहे," राखी म्हणाली. "मग नेली कशी?"

"तेच तं समजून नाही राह्यलं. परक्यानं हात लावला तं चावते ती. डीजेवाल्या तौसिफचा खांदाच धरला होता मागच्या वर्षी."

"अन् तुमच्यामागं?"

"माझ्यामागं बिनलगामाची येते. महनूरमागं तं गुळाच्या खड्यावर नांदुऱ्यापर्यंत जाईल. पण महनूर सकाळपासून नवरीजवळ आहे."

बाहेर टांग्याच्या दांडीवर एक फेटेवाला म्हातारा बसलेला होता. मोताळ्याचे कडूबा. गुरांच्या बाजारात त्यांना सगळे ओळखत. सईदभाईंनी मान खाली घातली आणि सांगितलं, की ही शबनमची शेवटची मिरवणूक. लग्न लागलं की कडूबा तिला घेऊन जाणार होते. आजकाल नवरदेव फुलांनी सजवलेल्या मोटारीत बसतात, वर्षाकाठी घोडीला चार लग्नंही मिळत नाहीत, मग जनावर उपाशी ठेवण्यापेक्षा चांगल्या घरी गेलेलं बरं.

"मी तं मालकाची वाट पाहून राह्यलो," कडूबा म्हणाले. "घोडी नाही तं सौदा नाही. आता दुपारच्या बसनं परतच जातो म्हटलं, पण पुलावर खोळंबा आहे म्हणतात. बसच येऊन नाही राह्यली."

राखीनं गाव मनाशी मांडून पाहिलं. वडघाटाच्या तीन बाजूंनी नदी वळते, आणि खालच्या बंधाऱ्यामुळे माघातसुद्धा पात्र काठोकाठ भरलेलं असतं. चौथ्या बाजूला रेल्वेची लाईन. गावातून बाहेर पडायला वाटा दोनच. मोताळ्याकडचा पूल आणि लाईनवरचं फाटक.

ती सईदभाईंना घेऊन आधी पुलाकडे निघाली. वाटेत बसस्टँडवर फुलवालीच्या पाटीत गजऱ्यांचा ढीग पडला होता. पुलावर काम चालू होतं. लाल झेंडी धरून उभा असलेला माणूस म्हणाला, "आज ट्रक, टेम्पो सगळं बंद. एसटी पण पलीकडंच अडकली आहे. मोटरसायकली तेवढ्या सोडून राह्यलो. घोडी गेली असती तं मीच सलाम केला असता."

फाटकावर वेगळीच तऱ्हा. नमाजेच्या आधीपासून एक लांबलचक मालगाडी लाईनवर उभी होती आणि फाटक तेव्हापासून बंद होतं. फाटकवाला वैतागून म्हणाला, "बाई, सायकलवाला पण थांबून आहे. घोडी काय गाडीखालून जाईल?"

म्हणजे शबनम गावातच होती. पण गावात पोरांनी एकेक गोठा पालथा घातला होता. पांढरी घोडी काय खिशात लपते?

"राखीताई," सईदभाईंनी तिचा दंड धरला. ते शाळेच्या मैदानाकडे बघत होते. तिथं तौसिफची डीजेची गाडी उभी होती, चारही बाजूंनी पडदे सोडलेली. आणि मागच्या पडद्याखालून गवताच्या पेंढ्या बाहेर आल्या होत्या.

३

तौसिफ म्हणजे गावचा आवाज. लग्नाला त्याचा डीजे आणि त्याचीच फुलांची मोटार. घोडीमुळे त्याच्या मोटारीचं आजचं काम गेलं होतं, आणि तो ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत सुटला होता.

"पडदा उघड," सईदभाई म्हणाले.

"चाचा, दिवे काचेचे आहेत, जपून."

पडदा उघडला. आत स्पीकर होते, रंगीत काचेचे दिवे होते आणि ते फुटू नयेत म्हणून भोवती गवत खच्चून भरलेलं होतं. घोडी तर सोडाच, त्यात शेळीही मावली नसती.

तौसिफला राग आला नाही. तो खो खो हसला. "मी शबनमले चोरू? ती मले पाहूनच दात काढते, चाचा. चोरी झालीच असती तं तिनं मले नेलं असतं."

सईदभाईही नाइलाजानं हसले. राखी मात्र गाडीच्या पुढच्या बाजूला गेली होती. तिथं फुलांची मोटार उभी होती. झेंडूच्या ताज्या माळा आणि टपावर गुलाबांचं छत्र.

"तुझी मोटार तं आज रिकामी होती ना?" तिनं विचारलं. "मग ही कोणासाठी सजवली?"

तौसिफचा हात मान खाजवायला गेला. "ते... शालिग्रामकाकांनी सांगितलं. म्हणाले, मिरवणुकीच्या वेळी गाडी तयार ठेव, कोणाले सांगू नको."

"घोडी हरवल्यावर सांगितलं?"

"नाही. सकाळी. मी चहा पिऊन राह्यलो होतो तेव्हा."

सईदभाई आणि राखी एकमेकांकडे बघत राहिले. सकाळी तर शबनम तबेल्यात चंदी खात उभी होती.

४

शालिग्रामकाका जानोशावर होते. देऊळघाटहून आलेलं नवरदेवाचं वऱ्हाड शाळेच्या इमारतीत उतरलं होतं. नवरदेव प्रेम आरशासमोर फेटा बांधून घेत होता आणि दर मिनिटाला "घोडी सापडली का?" असं विचारत होता. त्याला नवरीचा घोडीवरचा थाट बघायची नवरीपेक्षा जास्त हौस.

राखीनं काकांना फोटोसाठी खिडकीजवळ उभं केलं. कॉलर नीट करताना त्यांच्या कोटाच्या बाहीला चिकटलेला कापसाचा पुंजका तिनं चिमटीनं काढून टाकला.

"काकाजी, तौसिफची मोटार तुम्ही सकाळीच सांगितली होती?"

काकांनी बाही झटकली. मग शांतपणे म्हणाले, "हाव. जनावराचा काय भरवसा? लंगडली, बिथरली तं ऐनवेळी काय कराचं? मुलीचं लग्न आहे, दोन सोयी पाह्याच लागतात."

हे पटण्यासारखं होतं.

"अन् नमाजेच्या वेळी तुम्ही कुठी होते?"

"स्टेशनवर. नवरदेवाच्या आत्याबाई अकोल्याहून येणार होत्या, त्यांले घ्याले गेलो. गाडीतून उतरवून इथं आणेपर्यंत मी कुठीच हललो नाही. विचार त्यांलेच."

आत्याबाई खोलीत पलंगावर बसल्या होत्या. नाव आशाबाई. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. त्यांच्या धाकाच्या गोष्टी देऊळघाटहून वडघाटापर्यंत पोचल्या होत्या. साखरपुड्यात चहा गार झाला म्हणून त्यांनी तीनदा परत पाठवला होता.

"हाव, हे सोयरेच आले होते मले घ्याले," त्या म्हणाल्या. "मले बाकड्यावर बसवलं अन् म्हणाले, ऑटोवाले नमाजेले गेले आहेत, मी पाहून येतो. लय वेळ लागला त्यांले. मी एकटी बसून होतो. पण बरं झालं बसलो. नाहीतर ते दिसलं नसतं."

"काय दिसलं?"

"घोडी," आशाबाई म्हणाल्या. "पांढरी घोडी आभाळातून जाऊन राह्यली होती."

खोलीत खसखस पिकली. प्रेमनं तोंडावर रुमाल धरला.

"हसा," आशाबाई म्हणाल्या. "डॉक्टरनं सांगितलं आहे, माह्या डोळ्याले आता दूरचं चांगलं दिसते. मान दिसली, पाठ दिसली. मान हलवत चालली होती आरामात. फक्त पाय नव्हते तिले."

सगळे मोठ्यानं हसले. शालिग्रामकाका तेवढे हसले नाहीत. आणि राखीनं कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवला आणि ती धावत स्टेशनकडे निघाली.

५

फलाटावर आशाबाईंचं बाकडं शोधायला वेळ लागला नाही. अगदी टोकाला, पार्सल ऑफिसच्या पुढचं. राखी त्यावर बसली आणि तिनं मान वर केली.

समोर नवा पादचारी पूल होता.

नवा पूल म्हणजे वडघाटाचं कौतुक. जिना तर होताच, पण सामानाच्या हातगाड्या आणि चाकांच्या खुर्च्या जाव्यात म्हणून दोन्ही बाजूंनी लांबलचक उतार बांधला होता. उतार अजून सुरू व्हायचा होता, म्हणून त्याच्या तोंडाशी दोरी बांधलेली. तिकडे कोणी फिरकत नव्हतं. सगळे समोरच्या दाराने आत यायचे आणि समोरच्या दाराने बाहेर जायचे. आणि पुलाच्या दोन्ही कडांना पत्रा ठोकलेला होता, माणसाच्या छातीइतका उंच.

पत्र्याच्या वर घोडीची मान दिसणार, पाठ दिसणार. पाय दिसणार नाहीत. आणि बाकड्यावर बसलेल्या बाईला खालून पुलामागे नुसतं आभाळ दिसणार.

राखीला हसू आवरेना. सगळं गाव रस्ते शोधत बसलं होतं. पूल, फाटक, नदी. आणि शबनम मात्र तिकीट न काढता रेल्वेच्या डोक्यावरून निघून गेली होती.

ती पार्सल ऑफिसच्या मागे गेली. उताराचं तोंड सईदभाईंच्या तबेल्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. दोरीची गाठ सोडून घाईनं परत बांधलेली. ती दोरीखालून वाकून वर चढली. पुलाच्या मध्यावर, जिथं खाली उभ्या मालगाडीचे डबे दिसत होते, तिथं घोडीनं आपली खूण ठेवली होती. ताजी लीद. पाय जपून टाकत राखी पलीकडच्या उताराने खाली उतरली.

लाईनपलीकडे घरं नव्हतीच. जुना मालधक्का, बाभळी, आणि त्यांच्या मागे बंद पडलेलं जिनिंग. एकेकाळी या धक्क्यावरून कापसाच्या गाठी मुंबईला जायच्या. आता मोठ्या लोखंडी दारावर गंज चढला होता. पण कडीतलं कुलूप नवं होतं.

राखी दाराजवळ गेली. फटीतून आत बघितलं तर उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगत होते. जुना, कुणी न उचललेला कापूस अजून कोपऱ्याकोपऱ्यात साचलेला.

"शबनम," तिनं हळूच हाक मारली.

आत टापा वाजल्या. दाराच्या फटीशी एक ओलं, गुलाबी नाक आलं आणि जोरात फुरफुरलं.

राखीनं दगड उचलला, कुलपावर मारण्यासाठी. मग तो तिनं परत खाली ठेवला. कुलूप फोडून घोडी मिळाली असती. पण एक पोरगी आयुष्यभर मान खाली घालून राहिली असती.

६

मिरवणुकीला फार वेळ उरला नव्हता. राखीनं मांडवाच्या बाजूच्या खोलीत मोजकीच माणसं बोलावली. नवरी, सईदभाई, महनूर, शालिग्रामकाका. फोटोचं निमित्त सांगितलं होतं. आशाबाई न बोलावता आल्या आणि सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसल्या.

"आधी आत्याबाईंची माफी मागते," राखी म्हणाली. "त्यांनी खरंच पाह्यलं. घोडी वरूनच गेली. नव्या पुलाच्या उतारावरून. पत्र्याच्या कडेनं पाय झाकले."

"सांगितलं होतं मी," आशाबाई समाधानानं म्हणाल्या.

"लगाम खुंटीवर आहे. म्हणजे शबनम ओळखीच्या माणसामागं, आपल्या मर्जीनं गेली. अशी माणसं दोनच. चाचा मशिदीत होते." राखीनं आवाज खाली आणला. "अन् बसस्टँडवर गजऱ्यांची पाटी भरलेली आहे, महनूर. ते संपले नव्हते."

महनूरनं ओढणी तोंडावर धरली. सईदभाई उभेच राहिले होते. ते हळूच भिंतीला टेकले.

"अब्बा," ती म्हणाली, "तुम्ही तिले विकून राह्यले होते. मी लय वेळा म्हटलं, तुम्ही ऐकलंच नाही. मले वाटलं, कडूबाबा दुपारच्या बसनं निघून जातील अन् मी मिरवणुकीच्या आधी तिले परत आणीन. पण बसच आली नाही. अन् मी आणाले गेले तं दाराले कुलूप होतं."

"कुलूप महनूरनं लावलं नाही," राखी म्हणाली. "जिनिंगची किल्ली गावात एकाच माणसाकडं आहे, जुन्या मुनीमांकडं. ते म्हणाले, मी स्टेशनवरून कुठीच हललो नाही. पण त्यांच्या बाहीवर कापूस होता. तसा कापूस स्टेशनवर नाही, जिनिंगमधे उडते."

सगळ्यांच्या नजरा शालिग्रामकाकांवर गेल्या.

काका खाली बसले, कोटासकट, जमिनीवरच. "मीच तिले सुचवलं," ते म्हणाले. "म्हटलं, जिनिंगमधे लपव, दोन तासात काढू. दोरी मी सोडली, दार मी उघडलं. अन् तिनं पाठ फिरवल्यावर कुलूपही मीच लावलं. लग्न लागेपर्यंत उघडणार नव्हतो."

"काऊन, काका?" पुष्पांजलीचा आवाज चिरला. "एवढी एकच गोष्ट मागितली होती मी."

"तुह्याच संसारासाठी, पोरी. साखरपुड्यात मी माझ्या कानांनी ऐकलं. या आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, नवरी घोडीवर? असं तं मी कुठी पाह्यलं नाही. तू उद्या त्यांच्या घरात जाणार. पहिल्याच दिवशी त्यांच्या मनात अढी बसली असती तं? तुले बाप नाही. काही झालं तं बोलणारा मी एकटा."

आशाबाईंनी सावकाश काळा चष्मा काढला आणि शालिग्रामकाकांकडे निरखून बघितलं.

"सोयरे," त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, कुठी पाह्यलं नाही. पाह्याचं नाही असं कुठी म्हटलं? मोतीबिंदूनं मले समोरचं माणूस दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणे, उन्हाळ्यानंतर या. मी म्हटलं, नाही. आमची सून घोडीवरून येणार आहे. ऑपरेशन लग्नाच्या आधी करा."

शालिग्रामकाकांचं तोंड उघडंच राहिलं. पहिल्यांदा पुष्पांजली हसली. मग महनूर रडता रडता हसली, मग सईदभाई, आणि शेवटी काकांनी खिशातून किल्ली काढली, ती महनूरच्या हातात ठेवली आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

"पोरी, मी तुले फसवलं," ते तिला म्हणाले. "तुह्या बापाची माफी मी मागतो. तू नको मागू."

"दोघंही नंतर मागा," आशाबाई चष्मा परत लावत म्हणाल्या. "आधी घोडी आणा."

७

फाटक अजून बंदच होतं. मालगाडी हलायचं नाव घेत नव्हती. शबनमला ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं आणण्याशिवाय इलाज नव्हता.

ही बातमी गावात कशी पसरली ते कोणी सांगू शकलं नाही, पण अर्ध्या तासात सगळं वऱ्हाड पार्सल ऑफिसच्या मागे जमलं. स्टेशनमास्तर बाहेर आले, त्यांनी गर्दी पाहिली, नटलेली नवरी पाहिली, आणि म्हणाले, "मी जेवायला गेलो आहे. परत येईपर्यंत काय करायचं ते करा. फक्त खाली काही पाडू नका."

तेवढ्यात पॅसेंजर फलाटाला लागली. खिडक्यांतून माना बाहेर आल्या. आणि पुलावर, पत्र्याच्या कडेवरून एक पांढरी मान दिसायला लागली. पुढे महनूर, हातात गुळाचा खडा. मागे शालिग्रामकाका, कोट काढून खांद्यावर टाकलेला, हातात झाडू. घोडीनं वाटेत केलेला सगळा पसारा त्यांनी आपल्या हातानं स्वच्छ करत आणला होता.

तौसिफनं डीजेचं बटण दाबलं. शबनमनं कान टवकारले आणि त्याच्याकडे बघून दात काढले. तो दोन पावलं मागे सरला. "आवाज कमी करतो, बाई," तो तिला म्हणाला, "तू म्हणशील तसं."

सईदभाईंनी झूल चढवली. पुष्पांजलीनं रिकिबीत पाय ठेवला, मेंदीचा हात शबनमच्या मानेवर टेकवला आणि एका झटक्यात वर बसली. पॅसेंजरमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी खिडकीतून मुरमुरे उधळले. राखी उलट्या पावलांनी चालत फोटो घेत होती आणि तिला कळेना, घेऊ कोणाचा. नवरीचा, की फेटा हातात घेऊन समोरून धावत येणाऱ्या नवरदेवाचा, की चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही डोळ्यांनी बघणाऱ्या आत्याबाईंचा.

मिरवणूक बसस्टँडपाशी आली तेव्हा पुलावरचा खोळंबा सुटला होता. मोताळ्याची बस आत्ता कुठं येऊन उभी राहिली. आतले प्रवासी उतरायचे सोडून दारातच थांबले. कॉलेजच्या पोट्ट्या मोबाईल उंच धरून शूटिंग करायला लागल्या. त्यातली एक कंडक्टरला म्हणाली, "माझ्या लग्नात मले पण अशीच पाहिजे." कंडक्टर म्हणाला, "आधी उतर, मग लग्न कर."

कडूबा गर्दीच्या कडेला उभे होते. मिरवणूक पुढे सरकली तसे ते सईदभाईंजवळ आले.

सईदभाईंचा चेहरा उतरला. "कडूबा, मी शब्द दिला आहे. लग्न लागलं की घोडी तुमची."

कडूबांनी डोक्यावरचा फेटा नीट केला. त्यांनी पुढे चाललेल्या शबनमकडे बघितलं, तिच्या कानाशी चालणाऱ्या महनूरकडे बघितलं.

"घोडी नको मले," ते म्हणाले. "जनावर मी लय पाह्यले. पण माणसामागं अशी चालणारी घोडी तोडून नेणं बरं नाही. एक कर. माझ्या नातीचं लग्न आहे वैशाखात, मोताळ्यात. तिले अशी मिरवाची. येशील का घोडी घेऊन?"

बस निघायला लागली होती, कंडक्टर कडूबांना हाका मारत होता. सईदभाईंनी महनूरला हाक मारली. ती वळली, तेव्हा तिचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता. दुपारपासून बाप तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"हिले विचारा," सईदभाई कडूबांना म्हणाले. "शबनमचं सगळं आता हीच पाहील. कुठी जाचं, कधी जाचं, कोणाले बसवाचं, हीच ठरवणार."

महनूर बापाकडे बघत राहिली. मग तिनं कडूबांना विचारलं, "वैशाखात कोणत्या वारी, बाबा? शुक्रवार नको. शुक्रवारी अब्बा नमाजेले जातात, अन् घोडीवर कोणीतरी नजर ठेवाले पाहिजे."